शेकडा एकानं

गावोगावची म्युझियमं बघत फिरायचा मला नाद आहे. टीममधले लोक शुक्रवार आला की अलिबाग नाहीतर लोणावळा म्हणतात, मी नकाशावर कुठल्या तालुक्याच्या गावी कोणी काय जमवून ठेवलंय ते शोधत बसतो. औंधच्या टेकडीवरचं पंतप्रतिनिधींचं संग्रहालय झालं, नगरचं रणगाड्यांचं झालं, तेरचं लामतुरे संग्रहालय तर दोनदा झालं. यावर बाबांचं एक ठरलेलं मत आहे. "जे कुणाच्या कामाचं राहत नाही ते काचेत ठेवतात, आणि बघायला वर पैसे घेतात." हे मी किमान पन्नास वेळा ऐकलं असेल.

तेच बाबा २०२५च्या डिसेंबरात एका शुक्रवारी रात्री जेवताना म्हणाले, "उद्या कुठं चाललायस? मी पण येतो." आई आणि बायको दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, नाशिक, सिन्नर, दोन दिवस. "चालेल," म्हणाले, आणि गुडघ्याची गोळी घेऊन झोपायला गेले.

आता थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

आम्ही भिवंडीच्या कामतघरातले. वऱ्हाळा तलाव, देवीचं देऊळ आणि बाकी सगळे लूम. लहानपणी लूमचा खडखडाट आम्हाला ऐकूच यायचा नाही. रात्री वीज गेली की मात्र शांततेनं जाग यायची. पण आमचं मूळ इथलं नाही. बाबा साताऱ्याकडचे, पाटण तालुक्यातले. १९७७ साली एकोणीस वर्षांचे असताना गिरणगावातल्या एका मिलमध्ये साचेखात्यात लागले. मिलच्या भाषेत लूम म्हणजे साचा आणि तो चालवणारा साचेवाला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, साठाहून जास्त गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पण संपात कापड विणायचं थांबलं नव्हतं हे फारसं कोणी सांगत नाही. बऱ्याच मालकांनी आपलं काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर विणून घेतलं. काम जिकडे गेलं तिकडे बाबाही गेले. दत्ता सामंतांच्या सभेला जाणारा माणूस १९८३ साली कामतघरात सहा लूम सांभाळत उभा होता. यावर ते कधीच बोलत नाहीत. मी एकदाच विचारलं होतं, तर म्हणाले, "घरी भाऊ होते चार."

१९९१ साली त्यांनी स्वतःचे चार लूम घेतले. सेकंडहॅण्डच. मुंबईच्या गिरण्यांतून निघालेली यंत्रं भिवंडीत यायची, आणि त्यातल्या काहींच्या बिडाच्या चौकटीवर अजून लँकेशायरमधल्या कारखान्याचं नाव ओतलेलं असायचं. आमच्या दोन नंबरच्या लूमवर 'ब्लॅकबर्न' होतं. इंग्रजी वाचायला मी शाळेच्या आधी तिथे शिकलो म्हणा ना :) बाबा त्या लूमला 'साहेब' म्हणायचे. व्यापारी सूत द्यायचा, आम्ही विणून ग्रे कापड परत करायचं, मीटरमागे मजुरी. त्या चार लूमवर माझं इंजिनिअरिंग झालं, बहिणीचं लग्न झालं.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा बाबांच्या कपाटात दोन विणकरांचा आणि कांडी भरणाऱ्या बाईंचा पंधरवड्याचा पगार होता, सगळा पाचशेच्या नोटांत. नोटा बदलून मिळाल्या, पण व्यापाऱ्याकडून सूत येणं थांबलं. विणकर गावी गेले, त्यातला एकच परत आला. पुढच्या जुलैत जीएसटी. दिवाळीच्या आधी मी ऐरोलीच्या ऑफिसमधून फोनवर बाबांना म्हणालो, "विकून टाका आता. गाळ्याचं भाडं तरी वाचेल." विकले. भंगारात, किलोवर. चार मिळून तीन टनांच्या वर भरले. साहेब पण गेला. एक फोटोसुद्धा काढला नाही. म्युझियमवेड्या मुलाला फोटो काढायचं सुचलं नाही हे लक्षात घ्या.

तेव्हापासून बाबा गाळ्याच्या गल्लीतून जात नाहीत. तलावावर जायचं तर लांबच्या रस्त्यानं जातात.

असो. तर शनिवारी सकाळी सहाला निघालो.

पहिला थांबा मुद्दाम जवळचा घेतला, लोनाड. हायवेवरून आत वळलं की गोदामांच्या मधूनच रस्ता जातो. आमच्या भिवंडी तालुक्यात एवढ्या जुन्या बौद्ध लेण्या आहेत हे भिवंडीतल्या शंभरातल्या नव्वदांना माहीत नसेल. लेण्यात आता देवीची पूजा होते आणि बाजूला दगडात कोरलेला मोठा राजदरबार आहे. गावात जुन्या शिवमंदिराचे कोरीव दगड पडलेत. लोनाडजवळच्या चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१ चा, म्हणजे इ.स. १२४० चा दानलेख सापडला आहे. शिलाहारांच्या अशा शिळांवर खाली बहुधा गाढव कोरलेलं असतं. 'हे दान जो मोडेल त्याच्या आईला...' अशी शिवी. गधेगाळ म्हणतात त्याला. मी बाबांना हे सगळं उत्साहानं सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे तेव्हापण ॲग्रीमेंट मोडायचे लोक."

वडपे, पडघा, शहापूर. इकडची सगळी रुंदीकरणाची धूळ खाऊन कसारा घाटाच्या पायथ्याशी वडापाव झाला. घाटात अहिल्याबाई होळकरांनी बांधलेली म्हणून सांगतात ती घुमटाचं झाकण असलेली दगडी विहीर आहे. बाहेरून पालथं टोप ठेवल्यासारखी दिसते. बाबांना ती भलतीच आवडली. पाण्यात पाला पडू नये म्हणून एवढा दगडी घुमट! पाच मिनिटं तिच्याभोवती फिरले. मग इगतपुरी, आणि अकराच्या सुमारास नाशिकच्या अलीकडे पांडवलेणी.

खरं सांगायचं तर पांडवलेणी हेच माझं या ट्रिपचं कारण होतं आणि ते मी बाबांना सांगितलं नव्हतं.

लेण्या हायवेला अगदी लागून आहेत. खाली फाळके स्मारक, वर दोनेकशे पायऱ्या, चोवीस लेणी. मुंबई-आग्रा रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकानं त्या खालून पाहिलेल्या असतात, चढलेले थोडे. बाबा मधे तीनदा बसले. वर पोचल्यावर मी त्यांना सरळ दहा नंबरच्या लेण्यात नेलं. घंटेच्या आकाराचे खांब, वर जनावरं, आणि ओवरीच्या भिंतीवर वरच्या बाजूला ब्राह्मी अक्षरांच्या लांबच लांब ओळी. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या. हे लेणं उषवदातानं दिलेलं. हा शक, दिनीकाचा मुलगा, आणि क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. नहपानाचं राज्य तेव्हा भडोचपासून नाशिकपर्यंत होतं. सोपारं, म्हणजे आपलं नालासोपारा, तेही त्यांचंच. उषवदातानं ज्या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या त्यांच्या यादीत डहाणूची नदीसुद्धा आहे. जावईबापूंचा दानधर्म दांडगा.

मला जो लेख दाखवायचा होता तो वर्ष ४२ चा. लेण्याच्या दानाबरोबर त्यानं ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. शब्द आहे 'अक्षयनीवी', म्हणजे कधी न संपणारं भांडवल. ती ठेवली कुठे? राजाच्या खजिन्यात नाही, देवळातही नाही. गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन संघांकडे. लेखातला शब्द 'कोलिकनिकाय'. आमच्या कामतघरात कोलिक म्हटलं की पटकन कोळीच वाटेल, पण अभ्यासक इथे कौलिक, म्हणजे विणकर असाच अर्थ घेतात.

एवढं ऐकून बाबा पायरीवर बसले ते उठून उभे राहिले. "विणकरांकडे? वाच नीट."

मला ब्राह्मी येत नाही, मी प्रिंट काढून नेली होती. वाचून दाखवलं. एका संघाकडे २००० कार्षापण, व्याज दरमहा शेकडा एक. दुसऱ्या संघाकडे १०००, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० च्या व्याजातून या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी, म्हणजे कापडासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण. १००० च्या व्याजातून त्यांचा बाकीचा किरकोळ खर्च.

"शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस," बाबा म्हणाले. "वर्षाचे दोनशेचाळीस. वीस जणांना बारा-बारा. बरोबर. पूर्ण वाटले, एक पैसा मागं ठेवला नाही."

मी हे गणित ऑफिसमध्ये एक्सेलमध्ये करून बघितलं होतं, खोटं कशाला बोलू. बाबांनी ते उभ्या उभ्या केलं. आपल्याला बँकेमुळे वर्षाचं व्याज म्हणायची सवय लागली आहे. ज्यांनी बाहेरून पैसे उचलले आहेत ते अजून महिन्याचंच व्याज बोलतात, शेकडा दीड, शेकडा दोन. इंग्रजी भाषांतरात हा दर वाचताना मला तो हिशोब करून घ्यावा लागला होता, आणि बाबांना तो मातृभाषेसारखा कळला.

"आम्हाला एकानं कधीच नाही मिळाले," ते म्हणाले. "दोनानं घेतले. अडीचनं पण."

मग त्यांनी मला उलटा प्रश्न विचारला. मुद्दल परत द्यायचं नाही म्हणजे विणकरांचा फायदा काय? आयुष्यभर, मुलाबाळांनीही, व्याज भरत राहायचं? मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तर त्यांनी दोन मिनिटं विचार केला. विणकराकडे हात असतात आणि माग असतो, सूत नसतं. सुताला पैसा लागतो. तो नसला की व्यापाऱ्याच्या दारात जायचं, त्यानं दिलेलं सूत विणायचं आणि तो म्हणेल ती मजुरी घ्यायची. दोन हजार जर कायमचे हातात आहेत आणि कोणी 'आत्ताच्या आत्ता परत दे' म्हणणार नाही, तर सूत आपलं आणि कापड पण आपलं. "शेकडा एक जड नाही मग. डोळे झाकून घेतले असते." शिवाय, म्हणाले, त्या साधूंना कापडच लागणार ना वर्षाला? ते कुठून घेणार? म्हणजे व्याजाचा पैसा पण फिरून मागावरच येतोय. हे शेवटचं लेखात लिहिलेलं नाही, हे बाबांचं. पण दर पावसाळ्याला वीस माणसांची वस्त्रं जवळच्या गावातून येतात हे काही ओढूनताणून वाटत नाही.

एकाला शेकडा एक आणि दुसऱ्याला पाऊण का? "ज्याची पत जास्त त्याला व्याज कमी. दुसरा संघ तगडा असणार." आणि एका गावात दोन संघ का? यावर बाबा मनापासून हसले. "भिवंडीसारखंच. एकत्र कशाला येतील?"

लेखाच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे, ती मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर केला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवून ठेवला असं म्हटलंय. म्हणजे भिंतीवरचं हे कोरीव काम मूळ दस्तऐवज नव्हेच, ती प्रत आहे. मूळ रेकॉर्ड गावातल्या दप्तरात होतं. ते फलक गेले, बॅकअप राहिला.

आणि हा बॅकअप शत्रू आल्यावरही राहिला. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. तीन नंबरच्या लेण्यातला त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख म्हणतो की त्यानं क्षहरातांचा वंश निःशेष केला. त्याच लेण्यात त्याचा स्वतःचा वर्ष १८ चा हुकूम आहे. अपरकखडी गावातली उषवदाताकडे असलेली २०० निवर्तनं जमीन त्यानं भिक्खूंना दिली. जिंकल्यावर सातबारा बदलला, एवढंच. उषवदाताचा विणकरांबरोबरचा करार मात्र कोणी छिन्नी लावून खोडला नाही.

खाली उतरायला बाबांना अर्धा तास लागला. शेवटच्या पायरीवर ते म्हणाले, "त्यांची नावं नाहीत ना? विणकरांची?" नाहीत. दात्याचं आहे, त्याच्या बापाचं आहे, सासऱ्याचं आहे. शेजारच्या खोलीच्या दानलेखात त्याच्या बायकोचंही आहे, दक्षमित्रा. विणकर नुसते 'कोलिकनिकाय'.

संध्याकाळी गोवर्धनला गेलो. हे गाव अजून त्याच नावानं नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर रस्त्यावर आहे. तुमच्यापैकी निम्मे लोक तिथे जाऊन आला आहात, फक्त माहीत नाही, कारण सुला वाईनचा पत्ता गोवर्धनचाच आहे. शनिवारची संध्याकाळ, मुंबईच्या गाड्यांची रांग. बाबांनी खिडकीतून सगळं नीट बघून घेतलं आणि विचारलं, "माग कुठं असतील रे यांचे?" नदीकडे बोट दाखवावं की द्राक्षांकडे, मला कळेना.

इथे मला तुम्हाला थोडं लांब न्यायला लागणार आहे. त्या रात्री लॉजवर बाबांनी आपणहून विषय काढला म्हणून. "तू मला तो आवाज ऐकवला होतास ना फोनवर, तिकडून."

२०११ साली मी मँचेस्टरला ऑनसाइट होतो. एका रविवारी बसनं बर्नलीला गेलो. गावाबाहेर हार्ल साइक म्हणून वस्ती आहे, तिथे क्वीन स्ट्रीट मिल. १८९५ ची कापड गिरणी, आता म्युझियम. वाफेचं इंजिन ५०० अश्वशक्तीचं, आधी त्याचं नाव 'प्रुडन्स' होतं, पहिलं महायुद्ध संपल्यावर 'पीस' ठेवलं. विणकामाच्या शेडमध्ये तीनशेच्या वर लूम ओळीनं उभे, वर पट्ट्यांचं जंगल. ही गिरणी बंद पडली मार्च १९८२ मध्ये. गिरणगावातल्या संपाला तेव्हा दोन महिने झाले होते! पण तिथल्या लोकांनी, कौन्सिलनं ती यंत्रांसकट राखून ठेवली. गाइडनं काही लूम सुरू केले आणि मी एकदम कामतघरात उभा होतो. तोच आवाज. मी बाबांना फोन लावला आणि काही न बोलता फोन लूमसमोर धरला. इकडे त्यांच्या मागे आमचे चार चालू होतेच. त्यामुळे त्यांना आधी वाटलं फोनमध्ये त्यांचाच आवाज परत येतोय.

गाइडनं धोट्याला तोंड लावून भोकातून दोरा कसा ओढायचे ते करून दाखवलं. दात खराब व्हायचे, रोग पसरायचा, म्हणून तिकडे ते बंद करावं लागलं. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत याच तोंड लावण्याचं निमित्त करून अस्पृश्यांना साचेखात्यात घेत नसत, म्हणजे जास्त पगाराच्या खात्यात. एकाची लाळ दुसऱ्याला चालायची, तिसऱ्याची नाही. १९२८-२९ च्या संपांच्या काळात आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला होता. बाबांना हे मी त्या रात्री सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या वेळेला असं कोणी म्हणत नव्हतं. पण कोण कुठल्या खात्यात आहे ते दिसायचं."

बर्नलीचं ते म्युझियमही काही अमर नाही बरं का. कौन्सिलकडे पैसे नाहीत म्हणून सप्टेंबर २०१६ मध्ये ते लोकांसाठी बंद केलं होतं. पुढे मोसमापुरतं पुन्हा उघडलं. म्हणजे जपायला पण भांडवल लागतं. आधी उषवदाताची पद्धत मला दानधर्म वाटायची, त्या रात्री ती मेंटेनन्सची वाटायला लागली.

रविवारी सिन्नर. गोंदेश्वर बघितलं, यादवांच्या काळातलं काळ्या दगडाचं पंचायतन, सकाळच्या उन्हात काय दिसतं म्हणून सांगू. यादवांची सुरुवातीची राजधानी हीच. मग एमआयडीसीतलं गारगोटी म्युझियम, २००१ साली के. सी. पांडे यांनी उभं केलेलं. दख्खनच्या काळ्या बसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले स्फटिक, हिरवे, गुलाबी, आणि वाघोलीच्या खाणींतला तो निळाशार कॅव्हनसाइट. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आणि त्यातून खाणीत सुरुंग लावताना निघालेले दगड. बाबा एका काचेसमोर म्हणाले, "खडी करायला निघाले होते, कोणीतरी बाजूला ठेवलं." मी काही बोललो नाही.

पण सिन्नर तालुक्यात मला ओढ होती ती गोदाकाठच्या जोगलटेंभीची. तिथे बघायला काही नाही, नुसतं गाव आहे. आम्ही पारावर चहा प्यायलो आणि निघालो. या गावात १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सव्वातेरा हजारांच्या वर नाणी. सगळी नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का मारलेला. नहपानाच्या नाकावरच तीन कमानींचा डोंगर, आणि पाठीमागे उज्जैनी चिन्ह. २००८ मध्ये अंजनेरीच्या नाण्यांच्या संग्रहालयात मी पहिल्यांदा याबद्दल नीट वाचलं. तिथे नाणी पाडायचे साचेही मांडलेले होते. घरी येऊन मी 'साचे बघितले' म्हटलं तर बाबांनी विचारलं होतं, "किती इंची?"

चहा पिताना त्यांना ही नाण्यांची गोष्ट सांगितली. सातकर्णी नाणी वितळवू शकला असता. चांदी त्याचीच झाली होती. त्यानं भट्टी लावली नाही, वरून ठसा मारला आणि तेच नाणं बाजारात चालू ठेवलं. लेगसी सिस्टिम न पाडता वर आपला थर चढवला, असं आम्ही म्हटलं असतं. ज्याच्या गल्ल्यात जुनी नाणी होती तो एका रात्रीत कंगाल झाला नाही.

बाबांनी कप खाली ठेवला. "विणकरांचे दोन हजार पण त्यातच असतील."

"असतील."

"म्हणजे राजा बदलला तरी सूत येत राहिलं असेल." मग थोडं थांबून, "आपलं नाही आलं."

मी म्हटलं, "बाबा, मी तुम्हाला विकायला सांगायला नको होतं. निदान एक ठेवायचा होता."

"एक ठेवून काय करायचं होतं? भाडं कोण देणार होतं गाळ्याचं? तूच." मग म्हणाले, "पण साहेबाची पाटी काढून ठेवायला पाहिजे होती. ती चौकटीतच ओतलेली, निघत नव्हती. मी बघितलं होतं हातोडा घेऊन."

हे मला माहीत नव्हतं.

परत येताना गोंद्याहून समृद्धीवर चढलो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे सिन्नरहून थेट भिवंडी तालुक्यातच उतरता येतं. जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा लागतो, कसारा घाट लागतच नाही. अहिल्याबाईंची विहीरही लागत नाही, वडापावही नाही. बाबा झोपले. आमण्याला टोलवर जागे झाले, किती कापले ते विचारलं आणि खिशातल्या डायरीत लिहिलं. ही सवय गाळ्यापासूनची.

घरी आल्यावर मी विचारलं, जुन्या वह्या आहेत का? आईनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून दिली. लाल कापडी बांधणीच्या सात वह्या. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोन तास बाबा वाचतात आणि मी स्प्रेडशीटमध्ये टाइप करतो. कुणाचं सूत, किती बीम, किती मीटर, कुठल्या विणकराला किती पगार. विणकरांची सगळी नावं आहेत, पूर्ण, गावासकट. ती नावं मी इथे देत नाही, पण वहीत आहेत. दोन नंबरच्या लूमच्या रकान्यात सगळीकडे 'साहेब' असंच लिहिलंय.

पहिल्या वहीचं पहिलं पान १९९१ च्या दसऱ्याचं आहे. वर श्री. खाली, चार माग जुने, प्रत्येकी ९०००, एकूण ३६०००. घरचे ११०००. उचल २५०००, शेकडा दोनानं, महिना ५००. त्या ओळीसमोर समासात वेगळ्या शाईनं, तिरकं, सात वर्षांनंतरची तारीख आहे आणि दोन शब्द: मुद्दल फिटले.